पिंपातलं इंजिन आणि मंगेशचे दात

मी आयुष्यभर दात सरकवायचा धंदा केला आणि आयुष्यभर घाबरत केला. हे आधीच सांगून टाकते, कारण निवृत्त डॉक्टरांचे लेख मी पुष्कळ वाचलेत. त्यांत डॉक्टर कधी घाबरत नाही. पेशंट दारात दिसला की त्याला रोग कळतो, आणि शेवटी पेशंटची आई पाया पडते. माझ्या पाया कुणी पडलं नाही. एका आईने मात्र मला मनगटाला धरून चालू दवाखान्यातून उठवलं, रिक्षात कोंबलं आणि समुद्रावर नेलं. ते सांगायचं आहे. पण त्याआधी धंदा समजावून द्यायला हवा, नाहीतर मी एवढी का घाबरले ते कुणाला कळायचं नाही.

माझा दवाखाना मालवणच्या बाजारात, मासेमारीच्या जाळ्यांच्या दुकानाच्या वर. लाकडी जिना इतका खडा, की वर येईतो म्हाताऱ्या माणसांचे गुडघे बोलायला लागायचे आणि ती दाताचं विसरून गुडघ्याचंच औषध मागायची. मी वेड्यावाकड्या दातांना तारा लावून ते सरळ करायचे. लोकांना वाटतं, दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला असतो. तसं नाही. दात आणि हाड यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो आणि दात त्यात टांगलेला असतो. तारेने त्याला हळू रेटलं की पुढचं हाड शरीर आपणहून विरघळवतं आणि मागच्या रिकाम्या जागेत नवीन हाड भरतं. म्हणजे दात मी सरकवत नव्हतेच. पेशंटचं हाड सरकवायचं, मी नुसता तगादा लावायचे.

हाडाला घाई चालत नाही. फार रेटलं तर त्या पडद्यातलं रक्त अडतं, आणि हाड राहतं बाजूला, दाताचं मूळच विरघळायला लागतं. हे जेव्हा होतं तेव्हा दुखत नाही, सुजत नाही. वरून दात कसा छान, पांढरा, रांगेत उभा. आतून मूळ आखूड. आणि एकदा झिजलेलं मूळ पुन्हा वाढत नाही. खुर्चीत पडलेली पोर आरशात बघून हसत असायची आणि मी तिच्या हिरडीकडे बघत विचार करायचे, आत काय चाललंय कोण जाणे!

आणि लोकांना तर घाई. साखरपुडा ठरला की घाई, मुंबईचे पाव्हणे यायचे म्हणून घाई. "चतुर्थीपर्यंत होतले मां, बाय?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की झोपेतसुद्धा मी "नाय" म्हणून उत्तर देईन. "आणखी जरा आवळा" म्हणणारेही होते. अरे, दात म्हणजे काय गाडीचा नट आहे?

अशात एका कंपनीचा माणूस धापा टाकत जिना चढून आला आणि त्याने टेबलावर ती मशीन ठेवली. तळहातात मावेल एवढी, पुढे रबराची कमानीसारखी पट्टी. तारा लावलेल्या माणसाने ती पट्टी रोज थोडा वेळ दातांत धरायची. मशीन बारीक थरथरते, उशीखाली मोबाइल वाजल्यावर जेवढं जाणवतं तेवढीच. त्या थरथरीने हाडाला जाग येते आणि दात लवकर सरकतात, असं त्याचं म्हणणं. उपचाराचे महिनेच्या महिने वाचतात म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि विचारलं, मोजलं कुणी? तो हसला आणि म्हणाला, मॅडम, पेशंट खूश असतात.

मग मिळालं ते मी स्वतः वाचून काढलं. कुठे दात थोडे लवकर सरकले होते, कुठे मशीन वापरणारे आणि न वापरणारे सारखेच निघाले होते. नुकसान मात्र कुणाला झाल्याचं मला दिसलं नाही, कारण थरथर फारच सौम्य. म्हणून मी पेशंटना स्वच्छ सांगायचे, झाला तर फायदा, नाही तर तेवढाच चाळा. देताना पहिल्यांदा माझ्यासमोर तोंडात धरायला लावायचे आणि त्यांच्या हनुवटीला बोट लावून बघायचे, जोर करतायत का. अधूनमधून मुळांचा एक्स-रे. हे नियम मी भीतीपोटीच केले होते आणि त्याबद्दल मला काडीची लाज नाही.

मशीनने करमणूकही केली. देवगडहून एक शिक्षिका यायच्या. त्यांचे दात मशीन देऊनही ढिम्म. चौकशी केली तर कळलं, दुपारभर मशीन सासूबाईंच्या गुडघ्याला बांधलेली असते. गुडघ्याला गुण आला म्हणे! बंदराकडच्या एका मुस्लिम घरातल्या बाई लेकीला घेऊन यायच्या. रमजानच्या तोंडावर त्यांनी मला विचारलं, दिवसा ही मशीन तोंडात धरली तर रोजा मोडेल का. मी म्हटलं, हे मला नाही हो कळायचं, तुमच्या मौलवींना विचारा, पण संध्याकाळी रोजा सोडल्यावर धरलीत तर माझी काहीच हरकत नाही. त्या मुलीने महिनाभर एकही दिवस चुकवला नाही. असे पेशंट मिळाले असते तर मी अजून दवाखाना चालवला असता.

आता मंगेश.

मंगेश तारकर्लीचा. पर्यटकांना समुद्राच्या तळाशी नेऊन मासे दाखवणारा गाईड. वय असेल बाविशी-तेविशीचं, अंगाने काटक, पाण्यात सराईत. वडील लहानपणीच गेलेले. आई घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देते, न्याहारी-जेवण करते. होडी चुलतभावाच्या आणि याच्या भागीत. त्याची तक्रार वेगळीच होती. मागच्या दाढा मिटल्या तरी पुढच्या दातांमध्ये फट राहायची. खाली जाताना सिलिंडरची हवा ज्या नळीतून येते, तिच्या टोकाला रबराचा माउथपीस असतो, तो सुळे आणि त्यांच्या मागचे दात यांच्यात धरायचा. याचे तिथले दात मिटायचेच नाहीत. सगळा भार दाढांवर. जबडा दुखायचा, बाजूने पाणी शिरायचं. त्याला पुढची परीक्षा देऊन शिकवणारा व्हायचं होतं, आणि शिकवणाऱ्यालाच नळी नीट धरता येत नाही म्हटल्यावर कोण उभं करणार? दिसण्यासाठी तारा लावून घेणारे शेकडो बघितले. श्वास घेता यावा म्हणून तारा लावून घेणारा हा एकटाच.

फट मिटत आली होती, पण हळूहळू. पावसाळा लागला, पाण्यातले सगळे खेळ बंद झाले. मंगेश म्हणाला, "बाय, दर्यो उघडाच्या आदी दात मिटाक व्हये. कायतरी करा." मी त्याला मशीन दिली. त्याने ती हातात घेतली आणि मोठ्याने हसला. "बाय, ह्यो तर आमचो माउथपीस!"

खरंच तसाच होता. तसंच रबर, तसाच आकार. मीही हसले.

पुढच्या खेपेला तो आला आणि मी त्याचा ओठ वर केला, तर फट जवळजवळ नाही! दुसरा कुणी डॉक्टर असता तर पेढे वाटले असते. मी दिवा आणखी खाली ओढला. एवढ्या लवकर हाड हलत नाही. मी वरच्या पुढच्या दाताला दोन्ही बाजूंनी बोटं लावली आणि हळू ढकललं. तो गेला. शेजारचा ढकलला, तोही गेला. तारा असताना दात थोडे सैल असतातच, पण हे थोडं नव्हतं. मी तिथल्या तिथे एक्स-रे काढला आणि उजेडाच्या खिडकीशी नेऊन बघितला.

पुढच्या चार दातांची आणि दोन्ही सुळ्यांची मुळं टोकाशी बोथट झाली होती. पेन्सिल लिहून लिहून होते तशी. त्यांतल्या दोन दातांची तर बरीचशी गेलीच होती.

मी एक्स-रे हातात घेऊनच मागे वळले. खुर्चीत तो पाय हलवत गाणं गुणगुणत होता. मी विचारलं, "मंगेश, मशीन किती वेळ धरतंस तू?"

"मशीन? ती घराकडे आसा, बाय. डब्यात."

"डब्यात? मगे?"

"तुमची मशीन लय बारीक. माका तर कळाकच नाय चालू आसा की बंद." आणि मग अगदी अभिमानाने म्हणाला, "मी म्हटलंय, थरथरच व्हयी तर घरात इंजिन आसा मां!"

मला काही कळेना. मी दवाखान्याला कुलूप लावलं आणि त्याच्याबरोबर तारकर्लीला गेले. त्याच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, माडाखाली, पाण्याने भरलेलं मोठं पिंप होतं आणि त्याच्या काठाला होडीमागे लावायचं इंजिन अडकवलेलं. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर काढतात, पण इंजिन नुसतं ठेवून चालत नाही. खाऱ्या पाण्याने आतून गंजतं. म्हणून गोड्या पाण्याच्या पिंपात पंखा बुडवून ते अधूनमधून चालवतात. घरोघरी ते चालतं, त्यात नवल काहीच नाही. नवल पुढे होतं. इंजिन वळवायचा जो दांडा असतो, त्याच्या टोकाला एक जुना माउथपीस सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने गच्च आवळून बांधला होता. त्याच्यापुढे एक पाट. मंगेश त्या पाटावर बसून तो रबर दातांत धरायचा आणि इंजिन चालवायचा. इंजिनही चालतं आणि दातही सरकतात. एका कामात दोन कामं!

"चालू कर," मी म्हटलं.

त्याने दोरी ओढली. पिंपातलं पाणी उसळलं, धूर आला, माडाखालची कोंबडी पळाली. मी त्या रबरावर हात ठेवला. बोटांपासून कोपरापर्यंत हात बधिर झाला. एवढी थरथर त्याने रोज, जबडा आवळून, त्या झिजणाऱ्या मुळांवर घेतली होती. मी त्याच पाटावर बसले.

त्याची आई चहा घेऊन बाहेर आली. हसतमुख बाई. म्हणाली, "बघितलास काय, बाय? तुमीच सांगलात मां, रोज धरूक व्हया म्हणान? पाऊस असो, काय असो, तो चुकवणा नाय."

ते खोटं नव्हतं. तिच्या मुलाने डॉक्टरचं ऐकलं होतं. माझ्या सगळ्या पेशंटांत सगळ्यात आज्ञाधारक हाच. मी मंगेशवर मात्र तोंडसुख घेतलं. "मेल्या, अक्कल खंय गहाण टाकलंस? दात म्हणजे काय होडी आसा, जोरात पंखो फिरवलो की जोरात जातली?" तो आधी हसला. मग माझा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. मग मी त्याला आणि आईला एक्स-रे दाखवला, कुठलं मूळ किती उरलंय ते बोटाने दाखवलं आणि सांगितलं, की हे आता थांबलं नाही तर हे सहा दात जातील.

खरं सांगायचं तर दोष नक्की कुणाचा किती, ते मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. इंजिनाची थरथर, त्यावर याच्या जबड्याची पकड, त्यात तारेचा जोर; आणि काही माणसांची मुळं जात्याच नाजूक असतात. पण इंजिन नसतं तर एवढं झालं नसतं, एवढं नक्की.

त्याच्या आईने एक्स-रे स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा बघितला. मग म्हणाली, "बाय, दात गेले तर गेले. कवळी लावतलो. पण पाण्याखाली ती नळी कशान धरतलो?"

मी एवढा वेळ दातांच्याच भीतीत होते. तिने एका वाक्यात मला समुद्राच्या तळाशी नेलं. तिथे याच्या तोंडातून रबर सुटलं तर?

अशा वेळी डॉक्टर काय करतो? काही नाही. तेच तर कठीण असतं. मी तारांचा सगळा जोर काढून टाकला. दातांच्या मागच्या बाजूने एक बारीक तार चिकटवून सहाही दात एकमेकांना बांधले, म्हणजे एकट्यावर भार यायला नको. पेज खा, मऊ भात खा, कडक काही चावू नको, आणि मी सांगेपर्यंत पाण्याखाली जायचं नाही. जोर काढला की मूळ झिजायचं बहुधा थांबतं. बहुधा! पुढचे महिने मी या 'बहुधा'वर काढले. तो आला की मी आधी त्याच्याकडे बघायचेच नाही, एप्रन झटकायचे, दिवा नीट करायचे, उगाच वेळ काढायचे. मग एकदाची बोटं लावायचे. कधी वाटायचं घट्ट झालाय, कधी वाटायचं तसाच आहे. जेवताना माझे स्वतःचे दात हलतायत असे भास व्हायचे आणि मी जिभेने ते चाचपत बसायचे.

दर्या उघडला. पर्यटक यायला लागले. मंगेश होडीवर जायचा, सिलिंडर चढवायचा, लोकांच्या कमरेला वजनं बांधायचा, पण खाली जायचा नाही. तोंड पाडून का होईना, त्याने ऐकलं होतं.

आणि एक दिवस, मी एका काकांच्या दाढेत वाकलेली असताना, त्याची आई जिना चढून थेट आत आली. तिने माझं मनगट धरलं. "बाय, तो गेलो. चुलतभाव तापान पडलो, पर्यटक येवन बसले, आनी ह्यो गेलो खाली." तिच्या हाताला घाम आला होता. काकांना मी काय सांगितलं आठवत नाही. एवढं आठवतं, की ते तोंडात कापूस धरून "जा, जा" अशी हाताने खूण करत होते.

माझं माहेर कणकवलीकडचं. पाण्याचा आणि माझा संबंध विहिरीपुरता. मालवणात एवढी वर्षं काढली, पण गुडघ्याच्या वर समुद्र कधी अंगाला लावला नाही. त्या दिवशी ओळखीच्या एका माणसाच्या होडीत त्याच्या आईबरोबर बसून, मंगेश पर्यटकांना जिथे खाली न्यायचा त्या जागेपर्यंत मी गेले. मंगेशची होडी नांगर टाकून रिकामीच डुलत होती, एक होडीवाला तेवढा वर. पाण्यावर बुडबुडे येत होते. दोन ठिकाणी. दोन माणसं म्हणजे दोन ठिकाणी बुडबुडे, हे मला आमच्या होडीवाल्याने सांगितलं आणि ते सांगून त्याने माझं वाटोळं केलं, कारण मग मी तेच बघत बसले. त्याची आई माझ्या शेजारी बसली होती. तिने होडीच्या फळीला दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ओठ घट्ट मिटले होते, जणू काही तीच खाली श्वास रोखून आहे.

मध्येच एका ठिकाणचे बुडबुडे एकदम भसकन आले आणि बंद झाले.

मी फळीवरून पाण्यावर वाकले. मी एकेक दात वाचवायला आयुष्य घातलं होतं आणि आता सगळे दात पडले तरी चालतील, हा वर येऊ दे, असं मी मनातल्या मनात कुठल्या देवाला सांगत होते कोण जाणे. मग पुन्हा बुडबुडे सुरू झाले. एका ठिकाणी, मग दोन्ही ठिकाणी. आणि थोड्या वेळाने दोन डोकी वर आली.

एक बाई होती, पुण्याची असावी. तिला खाली काय झालं याचा पत्ताच नव्हता. ती हसत होती, "फोटो काढले ना? फोटो काढले ना?" विचारत होती. मंगेशने एका हाताने तिला होडीकडे ढकललं. त्याचा दुसरा हात तोंडावर होता, माउथपीस दाबून धरलेला. होडीत चढल्यावरही त्याला तो हात काढवेना. आमची होडी त्याच्या होडीला लागली होती; मी वाकून तो बाजूला केला. हिरडीतून रक्त येत होतं, मागची तार एका ठिकाणी सुटली होती, पण दात सगळे होते.

"बाय," तो म्हणाला, "दात दुखलो, तोंड उघडला. माका कळाकच नाय. नळी गेली. मगे हातान चाचपडान घातलंय." आणि हा पाण्यात जन्मल्यासारखा वागणारा पोरगा त्या बाईसमोर, आईसमोर थरथर कापायला लागला. आईने त्याला जवळ घेतलं नाही. तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग स्वतःच रडायला लागली.

मी तार पुन्हा बांधली. वेळ गेला. पुढचा एक्स-रे मी खिडकीशी न्यायच्या आधी डोळे मिटून घेतले होते. मुळं होती तेवढीच होती. त्याच्या पुढच्यालाही तेवढीच. आखूड, पण थांबलेली. दात घट्ट बसले. आणि गंमत म्हणजे फट कायमची मिटली होती. मी समोरच्या तारा काढल्या, मागची बारीक तेवढी ठेवली आणि त्याला म्हटलं, "जा रे, आता जा पाण्यात. माझी परवानगी आसा."

तो म्हणाला, "नको, बाय."

मला वाटलं, आजच्यापुरतं म्हणतोय. पण तो जाईचना. हंगाम संपला, पावसाळा गेला, दुसरा हंगाम आला. तो होडी न्यायचा, सिलिंडर भरायचा, चेष्टामस्करी करायचा, आणि खाली जायची वेळ आली की दुसऱ्याला पाठवायचा. परीक्षेचं नाव काढलं की उठून जायचा. दात असे सुंदर मिटत होते, की माझ्या सगळ्या कामात तसं दुसरं दाखवता येणार नाही. आणि ते फुकट गेले होते.

याच सुमारास मी दवाखाना बंद करायचं ठरवलं. सामान बांधत असताना त्याची आई आली. बसली नाही. म्हणाली, "बाय, तेका भीती तुमी घातलास. रागान सांगणंय नाय, तेवा घालूचीच होती. पण आता तुमीच काडा."

मी तिला बरंच काही समजावलं. भीती डॉक्टरला काढता येत नाही, वेळ जाऊ द्यावा लागतो वगैरे. ती ऐकून घेऊन निघून गेली. मग मी खोक्यांमध्ये बसून विचार केला. तिचं काय चुकलं? घाबर घाबर म्हणायला मला येत होतं. घाबरू नको हे मी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं, आणि माझ्या तोंडून ते कुणाला खरंही वाटलं नसतं.

म्हणून मी एका डॉक्टर मैत्रिणीकडून छाती आणि रक्तदाब तपासून घेतला. तिने मला वेड्यात काढलं, पण चिठ्ठी दिली. ती घेऊन मी तारकर्लीला गेले आणि मंगेशला म्हटलं, "माका खाली जावचा आसा. आणि तुझ्याच वांगडा. तूच माका न्हे."

"बाय, तुमका पोहाक येणा नाय!"

"तुझ्या पर्यटकांक खंय येता?"

तो नाही म्हणाला, चुलतभावाला नेतो म्हणाला, वारा आहे म्हणाला. वारा नव्हता. मी होडीत जाऊन बसले आणि उतरेनाच. शेवटी त्याची आई काठावरून ओरडली, "अरे, म्हातारीचो मान ठेव!" म्हातारी! पण त्या वेळी मला ते चाललं.

त्याने मला उथळ पाण्यात रबर तोंडात धरायला शिकवलं, खुणा शिकवल्या. प्रत्येक खूण तो दोनदोनदा करून दाखवत होता.  मग आम्ही नांगराच्या दोरीला धरून खाली गेलो. मासे दिसले म्हणतात लोक. मला काही दिसलं नाही. कान दुखले, डोक्यावरचा उजेड हिरवा झाला, आणि मी वर बघितलं तर होडीचा तळ एवढासा. त्या क्षणी मला वाटलं, मी मरतेय. श्वास येत होता, तरी वाटलं येत नाही. मी हातपाय झाडायला लागले आणि हाताला जे लागलं ते पकडून जिवाच्या आकांताने ओढलं.

ती मंगेशची नळी होती.

ओढल्यावर मला कळलं मी काय धरलंय. मी सगळा भार टाकून ओढत होते, त्याची मान माझ्याकडे खेचली गेली, डोळे मोठे झाले. आणि रबर त्याच्या दातांतून सुटलं नाही. माझी बोटं मला उघडता येत नव्हती, म्हणून मी किती वेळ ओढत राहिले देव जाणे, पण ते सुटलं नाही. त्याने दोन्ही हातांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, मला दंडाला धरलं आणि सावकाश, दोरीवरून, वर आणलं.

होडीत मी पालथी पडून खोकत होते. थोडा श्वास आला तसं मी पहिलं काय केलं, तर त्याची हनुवटी धरली, "आ कर" म्हटलं आणि ओल्या बोटांनी एकेक दात ढकलून बघितला. प्रत्येक जिवंत दात जेवढा हलतो तेवढाच हलत होता.

"बाय," तो तोंड उघडं ठेवूनच म्हणाला, "दात तपासूची ही खंयची रीत?"

मी त्याला फाडकन उत्तर देणार होते, पण तो हसायला लागला. मग थांबला. हात फिरवावा तशी जीभ आपल्याच दातांवरून एकदा फिरवून बघितली. होडीत एक जोडपं आपल्या पाळीची वाट बघत, माझा अवतार बघून पांढरं पडून बसलं होतं. मंगेशने सिलिंडरचा काटा बघितला, त्यातल्या नवऱ्याला म्हणाला, "चला, साहेब," आणि माझ्याकडे न बघता पाठमोरा पाण्यात पडला.

काठावर त्याची आई उभी होती. मी हात वर करून तिला खूण केली, की गेला. तिनेही हात वर केला. मग मी फळीला धरून बुडबुडे बघायला लागले आणि मला रडू फुटलं, निव्वळ भीतीचं, कारण आता तो रोज जाणार होता.